चौकातला आकडा, घरातली हवा

हवा मोजणारं केंद्र कुठे बसवायचं, याचे नियम आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हवा आत ओढणारी नळी जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर हवी. जवळ मोठी झाडं नकोत, धुराडं नको, वाऱ्याची वाट अडवणारी भिंत नको. हेतू सरळ आहे: आकडा एखाद्या टपरीच्या शेगडीचा न येता सगळ्या परिसराचा यावा. म्हणजे ही जागा मुद्दाम अशी निवडलेली असते, की तिथे कोणी स्वयंपाक करत नाही, झोपत नाही, उदबत्ती लावत नाही. आणि तिथला आकडा आपण पलंगावर पडून मोबाइलवर वाचतो, रंग लाल दिसला की उठून खिडकी लावतो, आणि आपल्या छातीत काय गेलं ते आपल्याला कळलं असं धरून चालतो.

बाहेरचा आकडा भिंतीतून आत आणण्याची ही परवानगी कोणी दिली, आणि कशाच्या भरवशावर?

मजा अशी की हवेच्या मोजणीची सुरुवात बाहेरून झालीच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या आरोग्यशास्त्रज्ञांच्या लेखी खरी वाईट हवा घरातली होती: कोंदट खोली, दाटीची शाळा, सैनिकांची बराक. बाहेरची हवा हे त्यावरचं औषध. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफरने १८५८ मध्ये खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडवरून तिथली हवा किती शिळी आहे हे ठरवण्याची पद्धत मांडली. दर हजार भागांत एक भाग ही त्याची मर्यादा वायुवीजनाच्या चर्चेत आजही १००० पीपीएम या रूपात भेटते. पण आपल्या विषयाला त्याची दुसरी करामत जास्त जवळची आहे. खोलीत हा वायू भरून ठेवायचा, मग तो कोणत्या वेगाने कमी होतो ते पाहायचं, आणि त्यावरून तासाभरात खोलीतली किती हवा बदलली ते काढायचं. दारं-खिडक्या बंद असल्या तरी हवा बदलत राहते आणि आत-बाहेरच्या तापमानात फरक जितका मोठा तितकी ती जास्त बदलते, हे त्याने दाखवलं. त्यावरून भिंतीच श्वास घेतात, असा निष्कर्ष त्याने काढला. विटांच्या सच्छिद्रतेवर त्याने जरा जास्तच विश्वास टाकला. हवा मुख्यतः फटींतून येते हे पुढे स्पष्ट झालं. पण ताशी हवापालट ही राशी त्याच्यामुळे हाती आली, आणि पुढच्या सगळ्या अंदाजांचा कणा तीच आहे.

मग मोजणी रस्त्यावर कशी आली? कोळशामुळे. ब्रिटनमध्ये १९१२ साली वातावरणीय प्रदूषणाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. शहरोशहरी पावसाबरोबर पडणारी काजळी गोळा करणारी भांडी ठेवली गेली. जॉन स्विट्झर ओवेन्स या समितीच्या माणसाने हवा पांढऱ्या गाळणकागदातून ओढून कागदावरच्या डागाचा काळेपणा मोजायचं यंत्र बनवलं. हे सगळं घराबाहेर होतं, कारण प्रश्न सार्वजनिक उपद्रवाचा होता. गिरणीच्या धुराड्यावर खटला भरता येत होता. दिवाणखान्यातल्या शेकोटीला हात लावायची कायद्याची छाती नव्हती. आकडा बाहेरचा निघाला तो कायद्याचा हात तिथवरच पोचत होता म्हणून. श्वासाचा विचार त्यात जवळपास नव्हताच.

५ डिसेंबर १९५२ ला लंडनवर धुकं उतरलं आणि ९ तारखेपर्यंत हललं नाही. त्या दिवसांतली एक घटना आपल्या कामाची आहे. ८ तारखेला सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ‘ला त्राव्हियाता’चा प्रयोग पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला, कारण काजळीचं धुकं प्रेक्षागृहातच शिरलं होतं. त्या आठवड्यात आणि त्यानंतर सुमारे ४००० माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली, असा तेव्हाचा हिशेब होता. २००१ साली झालेल्या फेरमांडणीत हा आकडा १२,००० च्या घरात गेला. मेलेल्यांत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं फार. म्हणजे रस्त्यावर कमीत कमी फिरणारी माणसं. तरीही मृत्यूंची रेघ आणि शहरातल्या मोजणी केंद्रांवरच्या धुराची रेघ एकाच आलेखावर काढली तेव्हा दोन्ही बरोबर चढत-उतरत होत्या, आणि झोपायच्या खोलीत धूर किती होता हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. ते योग्यच होतं. जिथे रंगमंचावरची गायिका दिसेनाशी होते, तिथे भिंत मध्ये आहे की नाही याने फारसं बिघडत नाही. बाहेरचा आकडा आत लावण्याची सवय पडली ती या लंडनमध्ये. आणि ती अशा दिवसांत पडली जेव्हा ती खरोखर बरोबर होती.

यातली एक गोष्ट पुढे उपयोगी पडेल. १९५६ च्या ब्रिटिश स्वच्छ हवा कायद्याने धूरबंदीचे इलाखे आखले आणि घरातल्या शेगड्या बदलायला अनुदान दिलं. लंडनच्या आकाशातला तो धूर मोठ्या प्रमाणात लंडनच्या दिवाणखान्यांतूनच गेलेला होता.

भिंतीची पहिली नीट चौकशी बहुधा डच लोकांनी केली. रॉटरडॅममध्ये बीर्स्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० घरांत आत आणि बाहेर एकाच वेळी मोजमाप केलं. ते १९६५ साली प्रसिद्ध झालं. सल्फर डायऑक्साइड आत बाहेरच्या मानाने फारच कमी निघाला, धूर मात्र बराचसा तसाच आत आलेला. कारण साधं आहे. सल्फर डायऑक्साइड पडदे, रंग, चुना, ओलसर भिंत, जे भेटेल त्याला चिकटतो आणि संपतो. ओझोनही तसाच हळवा वायू आहे. सूक्ष्म कण मात्र कशाला फारसे चिकटत नाहीत, फटीतून वाट काढतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणजे ‘बाहेरच्या हवेचा इतका हिस्सा आत’ असा एकच भागाकार असूच शकत नाही; प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा असतो. ही गोष्ट साठ वर्षं माहीत आहे. तरी आठ प्रदूषकांतून काढलेला एकच निर्देशांक घराच्या आतही जसाच्या तसा लागू असल्यासारखा आपण वाचतो, याला काय म्हणावं?

या कथेतला सगळ्यात घट्ट भाग अमेरिकेत घडला. १९७३ च्या तेलसंकटानंतर जास्त गंधकाचा कोळसा पुन्हा जाळावा लागेल, अशी तिथे भीती होती. हार्वर्डच्या बेंजामिन फेरिस आणि फ्रँक स्पायझर यांनी १९७४ मध्ये सहा शहरांचा अभ्यास सुरू केला. डग्लस डॉकरी आणि जॉन स्पेंगलर त्यात आले. स्पेंगलरचा कल घरात डोकावण्याकडे होता. त्याने आणि डॉकरीने या शहरांतल्या घरांच्या आत आणि बाहेर दीर्घकाळ कण मोजले. १९८१ मध्ये त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. बाहेरच्या सूक्ष्म कणांपैकी सरासरी ७० टक्के आत येतात, पूर्ण वातानुकूलित घरात त्याहून कमी. आणि दिवसाला एक पाकीट ओढणारा माणूस घरातल्या हवेत दर घनमीटरमागे सुमारे २० मायक्रोग्रॅमची भर घालतो.

आता हा २० चा आकडा बाजूला ठेवून १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासाकडे पाहू. ८१११ प्रौढ, १४ ते १६ वर्षांचा पाठपुरावा. सर्वांत स्वच्छ शहर विस्कॉन्सिनमधलं पोर्टेज, तिथे सूक्ष्म कणांची सरासरी ११ मायक्रोग्रॅम. सर्वांत घाण ओहायोतलं स्टूबेनव्हिल, तिथे जवळपास ३०. वय, धूम्रपान वगैरेंचा परिणाम वजा केल्यावर स्टूबेनव्हिलमध्ये मृत्युदर २६ टक्क्यांनी जास्त. हा निष्कर्ष उभा आहे १९ मायक्रोग्रॅमच्या फरकावर, आणि घरातला एक विडीबहाद्दर एकटाच तेवढी भर घालतो, हे त्याच चमूने बारा वर्षं आधी मोजून ठेवलं होतं! तरी त्यांनी शहरातल्या प्रत्येकाच्या नावावर शहराचा एकच आकडा लिहिला. घरात काय असतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, म्हणून हे अडाणीपणाने झालं असं म्हणता येत नाही. तो जाणूनबुजून केलेला व्यवहार होता, आणि तो कसा तगला हे पाहण्यासारखं आहे.

कारण समोर दुसरा पक्ष उभा राहिला होता. लान्स वॉलेस आणि वेन ऑट हे अमेरिकी पर्यावरण संस्थेतले लोक. त्यांचा आग्रह असा, की हवा माणसाच्या नाकाशी मोजा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना त्यांनी लहानसे पंप अंगावर बाळगायला दिले. कारखान्यांच्या धुराड्यांनी शहर वेढलेलं, तरी कित्येक विषारी वायू लोकांच्या अंगाशी बाहेरच्यापेक्षा जास्त निघाले. ड्रायक्लीन केलेले कपडे, सिगारेट, आंघोळीचं गरम पाणी हे त्यांचे स्रोत. मग १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला १७८ बिगरधूम्रपानी लोकांवर कण मोजले. दिवसा घराबाहेर सरासरी ९५ मायक्रोग्रॅम, घरात साधारण तेवढेच, आणि माणसाच्या अंगाशी १५०. बाहेरचं नाही, घरातल्या यंत्रातलं नाही, मग हे वरचे ५५ कुठले? माणूस हलतो, झाडतो, पांघरूण झटकतो, सोफ्यावर बसतो. धुळीचा एक ढग तो स्वतःभोवती घेऊनच फिरतो. त्याला त्यांनी वैयक्तिक ढग असं नाव दिलं. पुढे ९००० हून अधिक अमेरिकनांच्या दिनचर्येच्या पाहणीतून कळलं, की माणूस सुमारे ८७ टक्के वेळ इमारतींत आणि आणखी ५-६ टक्के वाहनांत घालवतो. उद्योगांच्या वकिलांना यापेक्षा चांगली गोष्ट कोण देणार? लोक ज्या हवेत राहतच नाहीत तिच्यावरून तुम्ही कायदे करता, असा त्यांचा सवाल होता. १९९७ साली अमेरिकेत पीएम २.५ ची, म्हणजे सूक्ष्म कणांची, पहिली मर्यादा आली तेव्हाच्या वादात हा मुद्दा पुढे होता.

रिव्हरसाइडच्या अभ्यासानेच त्यावरच्या उत्तराचं सूत्रही दिलं, आणि ते इतकं सोपं आहे की इथे मांडायला हरकत नाही. बाहेरचा किती हिस्सा आत टिकतो हे दोन गोष्टींच्या ओढाताणीवर ठरतं: तासाला हवा किती वेळा बदलते, आणि आत आलेले कण किती वेगाने खाली बसतात. पीएम २.५ चा बसण्याचा वेग तासाला ०.३९ निघाला, आणि फटीतून येताना कण जवळजवळ गळतच नाहीत असं दिसलं. हवापालटीला हवापालट अधिक ०.३९ ने भागलं, की हिस्सा मिळतो. थंडीत घट्ट बंद केलेल्या घरात दोन तासांत एकदा हवा बदलत असेल, म्हणजे ताशी ०.५, तर ५६ टक्के. ताशी दोनदा बदलली तर ८४. पाचदा बदलली तर ९३. पेटेनकोफरची हवापालट एकशे तीस वर्षांनी अशी वसूल झाली.

पण वादाचा निकाल या सूत्राने लागला नाही. तो संख्याशास्त्राने लावला, आणि माझ्या मते या सगळ्या वंशावळीतली सर्वांत देखणी गोष्ट तीच आहे. नेदरलँड्समध्ये निकोल यान्सेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की दहा माणसांची तुलना केली तर केंद्राचा आकडा आणि अंगाशी मोजलेला आकडा यांचं फारसं जमत नाही. पण एकाच माणसाचे अनेक दिवस पाहिले तर त्याच्या अंगाशी असलेले कण केंद्राबरोबर बऱ्यापैकी वर-खाली होतात. एकाच्या घरात रोज मासळी तळली जाते, दुसऱ्याच्या घरात नाही, हा फरक कायमचा राहतो. पण शहरावरची हवा बिघडली की दोघांच्याही घरातली बिघडते. मासळी तळायचा दिवस कोणी केंद्राचा आकडा पाहून ठरवत नाही, म्हणून ती चूक दिवसांच्या हिशेबात एका बाजूला झुकत नाही. जोसेफ बर्कसन या वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्येच सांगून ठेवलं होतं, की गटाचा सरासरी आकडा प्रत्येकाला दिला तर अंदाज ढोबळ होतो, पण एरवीच्या मोजणीतल्या चुकीसारखा परिणाम झाकला जात नाही. पाठोपाठ विल्यम विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००० साली हिशेबाच्या दोन वह्याच वेगळ्या केल्या. बाहेरून आलेले कण ही एक वही, घरात निर्माण झालेले ही दुसरी. कायद्याचा संबंध फक्त पहिलीशी. पहिलीची नोंद कशी काढायची? सल्फेटवरून. घरात सल्फेट तयार करणारं जवळजवळ काही नसतं, त्यामुळे आतल्या सल्फेटला बाहेरच्या सल्फेटने भागलं की बाहेरची हवा किती शिरली ते उघड होतं.

म्हणजे हार्वर्डवाले बरोबर होते आणि वॉलेसही बरोबर होता. शहराला किती मृत्यू भोवतात, या प्रश्नाला चौकातला आकडा पुरतो. माझ्या मुलाला दमा का लागला, या प्रश्नाला तो अजिबात पुरत नाही. हा भेद शास्त्रज्ञांनी कधी झाकला नाही. तो पुसला गेला आकडा मोबाइलवर आल्यावर.

आपल्याकडे या गोष्टी वेगळ्या क्रमाने आल्या. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सल्फर डायऑक्साइडच्या पातळीनुसार शहरातल्या वस्त्या निवडून तिथल्या रहिवाशांची फुप्फुसं तपासली, जोडीला तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती घेतली. ही लंडनची पद्धत: वस्तीचा आकडा, वस्तीचे आजार. त्याच सुमारास कर्क स्मिथ हा अमेरिकी संशोधक गुजरातेत पोचला. त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी चार खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर पंप लावले. १९८३ मध्ये आलेला आकडा दर घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम होता. एकूण तरंगत्या कणांचा आणि स्वयंपाकाच्या वेळेपुरता. तरी मायक्रोग्रॅममध्ये तो ७००० होतो. खेड्यात मोजणी केंद्र नव्हतं, आणि असतं तरी त्या बाईबद्दल त्याने काहीच सांगितलं नसतं. वर्षानुवर्षं ‘प्रदूषण’ म्हटलं की शहर आणि गाडी डोळ्यांपुढे येत राहिली, त्याचं एक कारण यंत्रं कुठे बसवली होती हेही आहे.

शहरात यंत्रं वाढली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ‘सफर’ ही हवा मोजणारी यंत्रणा उभी केली, मग ती पुण्यात आणि मुंबईत आली. २०१५ मध्ये राष्ट्रीय निर्देशांकाचे सहा रंग आले. काम चांगलं झालं, यात शंका नाही. पण बाहेरच्या आकड्यावरून घरातलं काढायला आपण बसतो तेव्हा उसना घेतलेला गुणक बहुतेक वेळा परदेशी असतो, थंडीसाठी बांधलेल्या घट्ट घरांचा. गिरगावातल्या चाळीची खोली घ्या: पुढे गॅलरी, मागे मोरीची खिडकी, दार दिवसभर उघडं. तिथे तासाला दहादा हवा बदलते असं धरलं तर सूत्र ९६ टक्के देतं. तिथे ‘घरात राहा’ हा सल्ला निरर्थक आहे. घर आणि रस्ता यांच्या हवेत फरकच नाही. उलट बाणेरच्या बंद काचांच्या फ्लॅटमध्ये बाहेरचा हिस्सा निम्म्यावर येईल, पण मग आत जे पेटेल ते आतच राहील. डासांची एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. डेंग्यूच्या दिवसांत खिडकी लावून, कॉइल पेटवून, मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’ असल्याचं वाचत झोपणारी कुटुंबं या राज्यात किती असतील!

भिंतीला स्वतःचे आकडे मिळायला लागले ते अगदी अलीकडे, स्वस्त संवेदकांमुळे. कॅलिफोर्नियातल्या २०२० च्या वणव्यांत लोकांनी घराच्या आत आणि बाहेर हौसेने लावलेल्या यंत्रांची माहिती एकत्र करून १४०० हून अधिक इमारतींचा अभ्यास झाला. धुराच्या दिवशी घरातले कण सरासरी जवळपास तिपटीने वाढले. पण आत येणारा हिस्सा एरवीपेक्षा बराच कमी होता, कारण लोकांनी खिडक्या लावल्या, गाळण्या चालू केल्या. म्हणजे गुणक घराचा असतो तितकाच घरातल्या माणसाचाही असतो, आणि बाहेरचा आकडा वाचून तो बदलतो. बाहेरच्या आकड्यावरून आतला अंदाज बांधणाऱ्याची ही नवी पंचाईत आहे: अंदाज प्रसिद्ध झाला की तो चुकायला लागतो.

भारतात याहून जुनी पंचाईत आहे. खेड्यांत केंद्रं जवळजवळ नाहीत, म्हणून तिथला बाहेरचा आकडा आता उपग्रहाच्या निरीक्षणांतून आणि प्रारूपांतून काढतात. देशातल्या बाहेरच्या पीएम २.५ चा स्रोतवार हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा २०१५ च्या आकड्यांत सर्वांत मोठा एकटा वाटा घरात जळणाऱ्या लाकूड-गोवऱ्यांचा निघाला, सुमारे एक चतुर्थांश. जागतिक रोगभाराच्या मांडणीत चुलीच्या धुराचे मृत्यू एका रकान्यात आणि बाहेरच्या हवेचे दुसऱ्यात लिहिले जात. एकच बाई दोन्हीकडे मोजली जाऊ नये म्हणून पुढे दोन्हींचा एकत्र हिशेब करून मग वाटणी करावी लागली. मेळघाटातल्या एखाद्या घराची आतली हवा उपग्रहाच्या आकड्यावरून अंदाजायची, तर त्या आकड्यात त्याच घराच्या कौलांतून सकाळी वर गेलेला धूर धरलेला असतो. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आल्यावर तो किती कमी झाला हे पाहायचं तर पुन्हा चुलीपाशीच यंत्र ठेवावं लागतं, कारण दुसरा सिलिंडर भरला की नाही हे वरून दिसत नाही.